घरच्या मातीतला वाल

"कुठली आहे?" हा आष्टीकरबाईंचा पहिला प्रश्न. माणूस समोर आलं की त्याची ख्यालीखुशाली विचारायची सोडून त्या हेच विचारत, आणि प्रश्न माणसाबद्दल नसे. मी नागपूरच्या शाळेत रुजू झाले त्या दिवशी नरखेडकडच्या मामांच्या गावाहून मोटारीने थेट आले होते. नवी साडी, नवी छत्री आणि जुन्या चपला, त्यांना काळी माती लिंपलेली. मुख्याध्यापिकांच्या खोलीबाहेर एक उंच, सावळ्या बाई माझ्या पायांकडे टक लावून उभ्या होत्या.

"कुठली आहे?"

"मी इथलीच, महालातली," मी ऐटीत म्हटलं.

"तू नाही गं. चपलेची विचारून राहिले."

आणि त्यांनी खरोखरच कमरेच्या रुमालातून कागदाचा कपटा काढला, खाली बसल्या आणि माझ्या चपलेची माती नखाने खरवडून पुडीत बांधली. "शेतातली की विहिरीजवळची?" असंही विचारून घेतलं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी कुणीतरी माझ्या पायाशी बसलेलं पाहून शाळेतली पार्वताबाई पदर तोंडाला लावून हसत होती. मला वाटलं, ही बाई वेडी तरी असावी नाहीतर फार हुशार तरी. तीन वर्षं त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवल्यावर कळलं, की दोन्ही अंदाज चुकले होते.

बाई विज्ञान शिकवत. निरनिराळ्या मातीत वालाचं बी कसं उगवतं, हा एक साधा धडा होता. इतर शाळांत मास्तर दोन डबे ठेवत, एक रेतीचा आणि एक मातीचा, आणि आठवड्यात धडा संपवून पुढे सरकत. आष्टीकरबाईंचा तो धडा वर्षभर चाले. खिडकीच्या कट्ट्यावर कुंभाराकडची बोळकी ओळीने मांडलेली असत. सीताबर्डीच्या टेकडीचा लाल मुरूम, अंबाझरीचा गाळ, कन्हानची रेती, खाणीजवळची कोळशाने काळवंडलेली माती, संत्र्याच्या बागेतली, कपाशीच्या वावरातली. सुट्टीला गावी जाणाऱ्या प्रत्येक पोरीला ताकीद असे, "येताना मूठभर आण. नदी असेल तर नदीकाठची आण." पोरी लाडूचिवड्याचा डबा विसरत, मातीची पुडी विसरत नसत.

वालावर त्यांचा भारी जीव. "वाल भोळा असतो," त्या सांगत. "गव्हासारखी त्याला घमेंड नाही. जशी माती तसं तो बोलतो." कुणाचं बी उगवलं नाही आणि पोर रडवेली झाली की म्हणत, "बीला नावं ठेवू नको. आधी मातीला विचार, तुझ्या पोटात काय आहे." रोप वर येताना मान वाकवून येतं, दोन दिवस नुसता कणा दिसतो आणि मग डोकं निघतं. ते दाखवताना त्यांचा आवाज खाली यायचा. "पाहा, हा जन्मताना आधी पाठ दाखवतो. तोंड मागाहून." का कोण जाणे, ते ऐकताना वर्गातल्या दांडगट पोरीसुद्धा हलत नसत.

त्यांचा एक नियम अगदी सोवळ्यातला. ओळीच्या शेवटी एक बोळकं घरच्या मातीचं असलंच पाहिजे. "तुलनेला एक ओळखीची माती पाहिजे. नाहीतर बऱ्यावाईटाचं माप कशाने घ्याल?" ही माती त्या स्वतःच्या परसातून आणत, दर वेळी एकाच जागची. गंमत अशी, की तुलनेचं हे बोळकंच सगळ्यांत नादार. कधी उगवत नसे, उगवलं तरी पानांच्या कडा करपत आणि रोप माना टाकी. मी एकदा चिडवलं, "बाई, ज्या मापाने मोजता तेच फुटकं आहे." त्या हसल्या. "आमची माती खाष्ट आहे, माझ्या सासूसारखी. न्हाणीचं साबणाचं पाणी जाते ना तिथे." एवढं म्हणून त्या दुसऱ्या बोळक्याकडे वळल्या.

एक गोष्ट मात्र मला पहिल्या पावसाळ्यातच खटकली. उगवलेल्या बोळक्यांकडे बाई फारशा पाहत नसत. ज्यात काहीच उगवलं नाही ते बोळकं त्या दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणत, समोर ठेवून बसत आणि ज्या पोरीने माती आणली तिला बोलावून घेत. कुठली जागा? झाडाखालची का? जवळ दगड होता का? तिथं गुरं चरतात का, की टाळतात? पोरगी घाबरून काहीबाही सांगे. बाईंचे डोळे त्या वेळी असे काही लकाकत, की मला त्यांच्याकडे पाहवत नसे. रोप मेल्यावर आनंद होणारी विज्ञानाची शिक्षिका मी दुसरी पाहिली नाही.

दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. निबंधाच्या वह्या राहिल्या म्हणून मी भर दुपारी शाळेत गेले. पटांगणात चिटपाखरू नव्हतं. जिन्यावर असताना वरून बाईंचा आवाज आला, हजेरी घेतानाचा. मला वाटलं, सुट्टीत कसला वर्ग? दाराशी गेले तर बाक रिकामे. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या आणि एकेका बोळक्यापुढे थांबून नाव घेत होत्या.

"नरखेड?" पुढचं पाऊल. "कामठी?" पुढचं पाऊल. "कन्हान?"

कन्हानच्या बोळक्यात काही उगवलं नव्हतं. तिथं त्या थांबल्या. मान किंचित कलती करून, उशिरा उत्तर देणाऱ्या पोरीसाठी थांबावं तशा. इतका वेळ थांबल्या, की मीही ओठ घट्ट मिटून ऐकू लागले. मग त्यांनी हलकेच मान हलवली आणि पुढे सरकल्या. सगळ्यांत शेवटी "घर" म्हणाल्या आणि त्या बोळक्याकडे न पाहताच पाण्याचा तांब्या उचलला. मी वह्या न घेताच जिना उतरले.

पार्वताबाई कोष्ट्याच्या घरातली. हातमाग बंद पडले तशी ती शाळेत झाडपूस आणि घंटा बघायला आली होती. सगळ्या मुलींवर तिचा हक्क. कुणी उलट बोललं, की "काहून वं, तुह्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या म्या," असं ठणकावून सांगे, मग त्या पोरीच्या बारशाला ती गेलेली असो वा नसो. तिनेच एक दिवस मला जिन्याखाली गाठलं.

"बाई, तुमाले म्हणून सांगतो. आष्टीकरबाईले दिवस गेले वाट्टे."

"तुला कुणी सांगितलं?"

"सांगाले कायले पायजे? डोहाळे लागून राहिले ना. माती खाते ते. म्या माह्या डोयानं पायलं."

लग्नाला बरीच वर्षं झालेल्या, मूलबाळ नसलेल्या बाईला दिवस गेले म्हटल्यावर शाळेत बातमी पसरायला कितीसा वेळ? दुसऱ्या दिवशी शिक्षिकांच्या खोलीत कुणी चिंचा आणून ठेवल्या, कुणी "जपा हो" म्हणालं. आष्टीकरबाईंना आधी काही कळेना. कळलं तेव्हा चिंचांची पुडी त्यांनी शांतपणे बाजूला सारली आणि मला म्हणाल्या, "इंदू, वर ये जरा."

वर गेल्यावर त्यांनी खिडकीतलं एक बोळकं उचललं, चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि खिडकीबाहेर थुंकली. "गोडी आहे," म्हणाल्या. मातीला गोडी म्हणजे खारट नसलेली, हे मला तेव्हा कळलं.

"मी मीठ शोधून राहिले, इंदू."

त्या दिवशी त्यांनी सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करते. "मला एक मुलगी झाली होती. पाचवी पुजली, बारसं व्हायचं होतं. श्रावण होता, दोन दिवस पाऊस हटला नव्हता. सकाळी ती निपचित. तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, तुला माहीत आहे. पुरतात. बायकांनी जायचं नाही, जागा विचारायची नाही, आणि नेणाऱ्याने मागे वळून पाहायचं नाही. मी आत पडून होते, अंगात ताप. एवढंच ऐकलं, की हे शेजाऱ्यांकडे खड्याचं मीठ मागून राहिले. खड्ड्यात मीठ घालतात ना, कोल्हीकुत्री येऊ नयेत म्हणून. मग मला ग्लानी आली. जागी झाले तेव्हा हे परत आलेले होते. मी विचारलं, कुठे? म्हणाले, नदीकाठी. कोणत्या नदीच्या, ते आजपर्यंत सांगितलं नाही. नाव ठेवलं नव्हतं, इंदू. हाक मारायची म्हटली तर काय म्हणून मारू? निदान जागा तरी."

मीठ असलेल्या मातीत वाल उगवत नाही. उगवला तर कडेने करपतो. मुलींच्या धड्याच्या आडून बाई वर्षानुवर्षं एवढंच शोधत होत्या. मला रडू आलं आणि राग पण आला, त्यांच्या नवऱ्याचा. मी म्हटलं, "पण बाई, पावसाने मीठ धुऊन जातं, हे तुम्हीच तर शिकवता."

"शिकवते," त्या म्हणाल्या. "म्हणून घाई आहे."

दत्तोपंत आष्टीकर सचिवालयात कारकून होते. सज्जन, घुमे, मान खाली घालून चालणारे. कचेरीत त्यांची टिंगल होई, कारण धरमपेठेकडे सरकारी क्वार्टर मिळत असताना ते महालातल्या दोन खोल्यांचं भाड्याचं घर सोडायला तयार नव्हते. पाण्याची बोंब, भिंतीला ओल, आणि परसात फरशी. न्हाणीजवळचा हातभर तुकडा तेवढा उघडा, तिथे एक सपाट दगड. संध्याकाळी कचेरीतून आले की दत्तोपंत त्या दगडावर बसत. मी बाईंकडे जाई तेव्हा हा गृहस्थ भिंतीकडे तोंड करून बसलेला दिसे. मला वाटे, बायकोच्या डोळ्याला डोळा देता येत नाही म्हणून बसतो. एकदा बाई खुरपं घेऊन तिथली मूठभर माती काढत होत्या, तर त्यांनी उठून खुरपं हातातून घेतलं. "तिथली नको नेत जाऊ. घाण आहे." बाई म्हणाल्या, "माप आहे ते माझं. बदलता येत नाही." त्यांनी खुरपं परत दिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसले.

बाईंच्या संसारातल्या तक्रारी थोड्या. एक क्वार्टरची, दुसरी मिठाची. "आमच्या घरात मीठ पुरत नाही गं," त्या हसत म्हणत. "दोघं माणसं, पण श्रावण आला की बरणीचा तळ दिसते. कोण खाते, देव जाणे." मीही हसत असे.

एका उन्हाळ्याच्या तोंडी कन्हानच्या मातीत सलग दोनदा बी उगवलं नाही, तेव्हा बाईंनी मला सोबत घेतलं. माती आणणारी पोरगी तिथलीच होती, तिने जागा दाखवली. नदी आटलेली, पात्रात डांगराच्या, म्हणजे खरबुजाच्या, वाड्या लावलेल्या. बाईंनी रेती उचलून जिभेवर ठेवली. गोडी. वरच्या अंगाला कोळशाचा चुरा पडलेला होता, बी त्याने मरत होतं. वाडी राखणारी एक म्हातारी धीवरीण हे सगळं पाहत होती.

"काय शोधून राहिल्या वं माय?"

बाईंनी सांगितलं. पहिल्यांदाच, परक्या बाईला. म्हातारीने दोन्ही काठांवरून हात फिरवला. "अव्वा! या काठानं लय लेकरं हायेत. पाणी दरसाली इकडचं तिकडं करते. कोन्तं कोनाचं, तेले बी ठावं नाई." मग तिने एक डांगर तोडून बाईंपुढे धरलं. बाई दोन पावलं मागे सरल्या. मोटारीत बसेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही.

मग राज्यांची फेररचना झाली आणि राजधानी गेली. नागपूरचं सचिवालय उठलं आणि कारकुनांच्या घरोघर भोपाळचं नाव ऐकू येऊ लागलं. दत्तोपंतांचंही आलं. जन्मात कुणापुढे तोंड न उघडलेला तो माणूस साहेबाच्या बंगल्यावर जाऊन हात जोडून उभा राहिला, मला इथेच कुठेही ठेवा म्हणून. शिपायाची जागा चालेल म्हणाला. लोकांना वाटलं, डोकं फिरलं. बाईंना वाटलं, आपल्यासाठी करतात. त्या रात्रंदिवस कुढत होत्या. आता गाव सुटलं की शोधही सुटला. "तिकडे भोपाळात बसून मी कोणती माती चाखू?" असं त्या मला विचारत.

शाळेतल्या शेवटच्या आठवड्यात बोळकी रिकामी करायची होती. आम्ही दोघी खिडकीशी उभ्या. त्या एकेक उपडं करत होत्या, मी चिठ्ठ्या काढत होते. शेवटचं बोळकं घरचं. त्यातलं रोप नेहमीसारखंच कडेने करपून वाळलं होतं. मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, म्हणूनच बहुधा मी विचारलं.

"बाई, दर वर्षी याच्याच पानांच्या कडा का हो जळतात?"

"साबणाचं पाणी..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

"ही चाखली का कधी?"

"घरची माती कोण चाखते?"

असं म्हणत म्हणतच त्यांनी चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. या वेळी त्या थुंकल्या नाहीत. खाली पटांगणात पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या, त्यांचं गाणं वर येत होतं, आणि बाई तोंड मिटून ते ऐकत असल्यासारख्या उभ्या होत्या. मग त्यांनी ती माती गिळली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण मी दर वर्षी मुलींना शिकवत असे. त्यानंतर मला ती शिकवणं जमलं नाही.

"इंदू, माझ्यासोबत घरी चल," त्या म्हणाल्या.

दत्तोपंत नेहमीच्या जागी बसले होते. घरात बांधाबांध झालेली, वळकट्या दाराशी. बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी दारातच थांबले.

"इथंच ना?" बाईंनी विचारलं.

दत्तोपंतांनी वर पाहिलं नाही. ते दगडावरून उठले आणि बाजूला सरकले. एवढंच. कुणी वडीलधारं आल्यावर जागा द्यावी तसे. बोलू लागले तेव्हा आवाज त्यांचा वाटत नव्हता. "पूर होता. पुलावरून पाणी चाललं होतं. मी तिला उपरण्याखाली घेऊन दोनदा पुलापर्यंत गेलो. शेवटी इथं... तुला सांगितलं असतं तर तू या जागेवरून उठली असतीस का?"

"नसते उठले."

"म्हणून नाही सांगितलं."

"आणि मीठ?"

"दर श्रावणात टाकत होतो. काही उगवलं असतं तर कुणीतरी खणलं असतं. तू दारोदार माती गोळा करत होतीस ते मला दिसत होतं. रोज सांगीन म्हणायचो. मग वाटायचं, आता इतक्या वर्षांनी सांगितलं तर तू मला काय म्हणशील."

बाई खाली बसल्या. दगडावर तळवा ठेवला. मला वाटलं, आता या ओरडतील, त्यांना बोल लावतील. मी त्यांच्या जागी असते तर लावला असता. त्या एवढंच म्हणाल्या, "मी रोज इथं बसून भांडी घासली हो. गरम पाणी ओतलं." मग दत्तोपंतही खाली बसले. मी दार ओढून घेतलं आणि रस्त्यावर आले.

ते भोपाळला गेले आणि ते घर मी घेतलं. आई आणि मी तशाही जागा शोधत होतो, आणि बाईंची तशी इच्छा होती. जाण्याआधी त्यांनी मला मूठभर वाल दिले. "पावसाळ्यात भिंतीशी लाव. मीठ आता कोणी टाकणार नाही. पहिल्या वर्षी येणार नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नको. येईल तेव्हा मला कळव."

पहिल्या वर्षी खरंच आला नाही. मी कबूल करते, की त्या घरात मला भीती वाटे. दुपारी आई झोपली की परसातून कुणीतरी माझी वाट पाहतंय असं वाटे. त्रास देणारं नव्हे, नुसतं वाट पाहणारं. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी एखादी पोर असते ना, तसं. मी दगडाजवळून जाताना पदर आवरून जाई. दुसऱ्या पावसाळ्यात एक दिवस सकाळी पाहिलं तर मातीतून कणा वर आलेला. मान अजून खाली होती. मी तिथेच उकिडवी बसले आणि न्हाणीतलं पाणी बादली भरून वाहून गेलं तरी उठले नाही. दोन दिवसांनी त्याने तोंड दाखवलं. पानांच्या कडा हिरव्यागार होत्या.

मार्गशीर्षात वेल भिंतीवरून पलीकडे गेला, शेंगांनी लगडला. आम्ही एकही तोडली नाही. कळवलं होतं, तशी एक दिवस दोघं आली. बाईंचे केस पांढरे झालेले, दत्तोपंत वाकलेले. चहासुद्धा न घेता बाईंनी शेंगा तोडल्या, दगडावर बसून सोलल्या. मी समजले, भाजी करणार. त्यांनी दाणे नुसते शिजत घातले.

"घुगऱ्या," त्या म्हणाल्या. "बारसं राहिलं होतं. आत्या नाही तिला. तू होतेस का?"

आत्याने कानात नाव सांगायचं असतं. मी भिंतीशी गेले, वाकले, आणि बाईंनी मला हळूच सांगितलेलं नाव त्या पानांत सांगितलं. वारा नव्हता. एवढंच लिहिते, की माझ्या गालाला पान लागलं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

दाणे शिजले तशी मी सवयीने मिठाची बरणी पुढे सरकवली. बाईंनी ती तळहाताने परत माझ्याकडे लोटली. "नको. आहे त्यात," म्हणाल्या. पहिली मूठ त्यांनी दत्तोपंतांना दिली. ते मान खाली घालून खात राहिले, गालावरून पाणी गळत होतं, ते पुसत नव्हते. मग स्वतः खाल्ल्या. उरलेल्या डब्यात भरून त्या शाळेत गेल्या आणि प्रत्येक पोरीच्या हातावर चार चार दाणे ठेवले. "कुणाचं बारसं, बाई?" पोरींनी विचारलं. "आहे एकीचं, तुमच्यातलीच," बाई म्हणाल्या. पार्वताबाईने आपले दाणे कपाळाला लावून तोंडात टाकले आणि बाईंकडे पाहत राहिली. तिने त्यानंतर कुठल्याही पोरीला घुगऱ्यांवरून दम दिला नाही.

संध्याकाळच्या गाडीने ती दोघं परत गेली. गल्लीच्या वळणावर दत्तोपंत थांबले आणि वळून घराकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. मग बाईंनी त्यांचा हात धरला आणि दोघं वळण ओलांडून दिसेनाशी झाली.

मी आत आले. पातेल्यात माझ्या वाटणीच्या घुगऱ्या राहिल्या होत्या. दाणे शिजेपर्यंत आणि नंतरही बरणीचं झाकण कुणी उघडलेलं नव्हतं, हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं. चार दाणे तोंडात टाकले.

मीठ अगदी बेताचं होतं.